हातातला आरसा, खोटा काटा

दक्षिण महाराष्ट्रातील कोणत्याही पेठेत शोभेल असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. खाली सौंदर्यप्रसाधनांचे घाऊक दुकान, वर तीन पिढ्यांचा संसार. आषाढात चातुर्मास सुरू होतो, त्या सुमारास अकरावीत शिकणारी धाकटी लेक आजीपाशी येऊन सांगते, “आजी, या चातुर्मासात मी तूप, साखर आणि दूध सोडणार.” आजीचे डोळे भरून येतात. आजकालच्या मुलांना धर्म नको असतो, अशी तक्रार ज्या घरात उठता-बसता होते, त्या घरात नातीने आपणहून रसत्याग करावा, याहून मोठे समाधान कोणते? श्रावणात ती एकभुक्तीवर येते. भाद्रपदातील दशलक्षण पर्वात एकाआड एक उपवास करते. मंदिरात तिची अनुमोदना होते, काकू-मावश्या कौतुक करतात, वडील दुकानात आलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतात.

अनंत चतुर्दशी होते. पारण्याला घर भरलेले असते. लेक मुगाच्या पाण्याचे दोन घोट घेते आणि उठून जाते. आजी मागोमाग खोलीत जाते, तेव्हा ती वजनकाट्यावर उभी असते. हातात मोबाइल, आणि त्याच्या पडद्यावर कोणा अनोळखी तरुणीचे छायाचित्र. आजीला पाहून ती म्हणते, “अजून तीन किलो, आजी. मग दिवाळीनंतर दादाच्या लग्नात माझे फोटो चांगले येतील.”

आजी काही क्षण बोलत नाही. मग हळूच म्हणते, “बाळ, पारण्याच्या दिवशी मन हलके होते. तुझे मन या काट्यावर अडकले आहे. हे व्रत नव्हते.”

घर काल्पनिक आहे. त्यातील प्रश्न मात्र काल्पनिक नाही. ज्या घरात उपवासाला प्रतिष्ठा आहे, त्या घरात शरीराविषयीची घृणा व्रताचे वस्त्र पांघरून कौतुकाच्या प्रकाशात वावरू शकते, आणि म्हणूनच ती सर्वांत उशिरा ओळखली जाते. अन्य घरांत मुलगी जेवेनाशी झाली, तर आई चिंतेत पडते. येथे तिच्या गळ्यात हार पडतो. ही घृणा तिच्या मनात येते कोठून, आणि तिला घरातील वडीलधारी माणसे नकळत खतपाणी कसे घालतात, याचा हिशेब शांतपणे मांडून पाहिला पाहिजे.

मापच चुकीचे

व्यापाऱ्याच्या घरात वजनमापाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. दुकानातील काट्याची ठरलेल्या मुदतीत वैधमापन खात्याकडून पडताळणी होते, त्यावर मुद्रांकन होते, आणि त्यानंतरच त्यावर तोललेला माल विश्वासाने घेतला जातो. परंतु त्याच दुकानदाराची मुलगी दिवसातून पन्नास वेळा ज्या साधनावर स्वतःचा चेहरा तोलते, त्या साधनाची पडताळणी कोणी केलेली नाही. ती कोणी केली असती, तर पहिल्याच तपासणीत ते नापास झाले असते.

पहिली चूक कॅमेऱ्यातच आहे. हात लांबवून स्वतःचे छायाचित्र काढताना कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम एक फुटावर असतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील काही शल्यविशारदांनी याचे गणित मांडून ते ‘जामा फेशियल प्लॅस्टिक सर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. एक फुटावरून काढलेल्या छायाचित्रात नाकाचा तळ प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी रुंद दिसतो. पाच फुटांवरून काढले, तर हा फरक राहत नाही. म्हणजे आपले नाक पसरट आहे असे समजून झुरणाऱ्या मुलीच्या नाकात दोष नसतो. दोष अंतराचा असतो. शंभर ग्रॅमला एकशेतीस ग्रॅम दाखवणारा काटा कोणत्याही पेठेत एक दिवसही चालणार नाही. खिशातला काटा मात्र वर्षानुवर्षे चालतो.

दुसरी चूक जाणूनबुजून केलेली आहे. २०१५ मध्ये स्नॅपचॅटने आणि २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने चेहऱ्यावर चढवण्याचे फिल्टर आणले. प्रारंभी ते कुत्र्याचे कान आणि फुलांचे मुकुट असे गमतीचे होते. पाहता पाहता त्वचा नितळ करणारे, नाक बारीक करणारे, ओठ भरणारे, डोळे मोठे करणारे आणि वर्ण उजळणारे फिल्टर आले. २०२३ च्या फेब्रुवारीत टिकटॉकवर आलेल्या एका फिल्टरमध्ये तर चेहऱ्यावरून हात फिरवला, तरी त्याचा मुखवटा ढळत नव्हता. टिकटॉकवर भारतात २०२० पासून बंदी आहे. पण त्या धर्तीचे फिल्टर अन्य मार्गांनी येथेही पोहोचले. सौंदर्यशल्यचिकित्सकांकडे पूर्वी लोक एखाद्या नटीचे छायाचित्र घेऊन जात. आता ते फिल्टर चढवलेले स्वतःचेच छायाचित्र पुढे करून ‘असे करून द्या’ म्हणतात, आणि २०१८ मध्ये या प्रवृत्तीला इंग्रजीत एक स्वतंत्र नावही मिळाले. दुसऱ्याच्या रूपाशी तुलना करून दुःखी होणारी माणसे प्रत्येक युगात होती. स्वतःच्याच खोट्या रूपापुढे स्वतःला उणे मानणारी ही पहिली पिढी आहे.

तिसरी चूक निवडीची आहे. साड्यांच्या दुकानात दर्शनी काचेत टांगलेली साडी हा त्या दुकानातील सरासरी माल नव्हे, हे गिऱ्हाइकालाही कळते. समाजमाध्यमावर मात्र जे दिसते, ते सारे दर्शनी काचेतलेच असते. शंभर छायाचित्रांतून एक निवडलेले, प्रकाशयोजना करून काढलेले, सुधारलेले, आणि त्यातही ज्यावर लोकांची नजर अधिक रेंगाळते तेच यंत्राने पुन्हा पुन्हा पुढे केलेले. पूर्वीची मुलगी आपल्या वर्गातील, गल्लीतील, फार तर नात्यातील पन्नासेक मुलींशी स्वतःची तुलना करी. त्यांत गोऱ्या-सावळ्या, उंच-ठेंगण्या, लठ्ठ-किडकिडीत अशा सर्व असत आणि त्या सर्वजणी पहाटेच्या पारोशा चेहऱ्यानेही तिला दिसत. आजच्या मुलीची तुलना जगातील निवडक चेहऱ्यांच्या निवडक क्षणांशी होते. असा सौदा सुरू होण्याआधीच तोट्यात असतो.

जैन गृहस्थाच्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये दोन गोष्टी नेमक्या व्यापारातल्या आहेत: खोटी वजनमापे वापरणे, आणि अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा नकली माल खपवणे. शास्त्रकारांपुढे धान्य, तेल आणि सोने होते. पण चेहऱ्याचे खोटे माप आणि रूपाचा नकली माल यांनाही तीच कसोटी लागू पडते.

फिजीतील तीन वर्षे

हे सारे वडीलधाऱ्यांच्या काळजीखोर मनाचे खेळ आहेत, असे एखाद्याला वाटेल. त्यासाठी प्रशांत महासागरातील फिजी बेटांवरचा एक अभ्यास लक्षात घेण्यासारखा आहे. तेथील मूळ रहिवाशांमध्ये भरदार शरीर हे आरोग्याचे, कष्टाळूपणाचे आणि घरच्यांनी घेतलेल्या काळजीचे चिन्ह मानले जाई. जेवणाऱ्याला आग्रह करून वाढण्याची रीत तेथेही होती. एखादी व्यक्ती बारीक झाली, तर लोक चिंतेने चौकशी करीत. मुद्दाम वजन घटवण्याची प्रथाच नव्हती.

१९९५ मध्ये नाड्रोगा या भागात दूरचित्रवाणी आली. हार्वर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ ॲन बेकर यांनी ती येताच तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच भागात पुन्हा केली. आहाराविषयीच्या विकृत वृत्तीचे प्रमाण दर्शवणाऱ्या चाचणीत धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेल्या मुली पहिल्या वेळी १२.७ टक्के होत्या. दुसऱ्या वेळी त्या २९.२ टक्के झाल्या. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी १९९५ मध्ये आढळली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होते. मालिकांतील सडपातळ नायिका पाहून आपण तशा व्हावे, म्हणजे चांगली नोकरी मिळेल, असे मुलींनी मुलाखतींत सांगितले. पाहणीतील मुलींची संख्या प्रत्येक वेळी साठ-पासष्टच होती, हे ध्यानात ठेवावे. तरीही शतकानुशतके भरल्या अंगाचा सन्मान करणाऱ्या समाजाची दृष्टी इतक्या अल्प काळात ढळू लागली, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही.

आणि ती तर केवळ दूरचित्रवाणी होती. घरात किंवा शेजारी एक संच, ठरावीक वेळेचे कार्यक्रम, परदेशी नट-नट्या. ती मुलीच्या उशाशी रात्री एक वाजता नसे. तिला स्वतःचे छायाचित्र मागत नसे. त्या छायाचित्राला किती जणांनी पसंती दिली, याचा आकडा तिच्या वर्गमैत्रिणींना दाखवत नसे.

असमाधान हेच भांडवल

कोणत्याही धंद्याचे आकलन करायचे, तर त्याचे उत्पन्न कोठून येते ते पाहावे. इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटा या कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६,४५० कोटी डॉलर होते, आणि त्यांपैकी सुमारे १६,०६० कोटी डॉलर जाहिरातींतून आले. वापरणाऱ्याकडून एक पैसाही न घेता हा व्यवहार चालतो, याचा अर्थ वापरणारा हा गिऱ्हाईक नव्हेच. त्याचे लक्ष हा माल आहे आणि जाहिरातदार हे गिऱ्हाईक. माल जितका वेळ मांडणीवर राहील, तितका नफा अधिक. आणि आपल्या चेहऱ्यावर समाधानी असलेले माणूस आरशापुढे फार वेळ थांबत नाही. ज्याला काहीतरी खुपते, तेच पुन्हा पुन्हा येते, पाहत राहते, आणि अखेर काहीतरी विकत घेते. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे मानण्याचे कारण नाही. धंद्याची रचनाच तशी आहे.

त्या रचनेचा परिणाम कंपनीच्या आतल्या संशोधकांच्याही नजरेतून सुटला नव्हता. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने कंपनीचे अंतर्गत कागद प्रसिद्ध केले. तेथे काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी ते बाहेर आणले होते आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी अमेरिकेच्या सिनेटपुढे साक्षही दिली. या कागदांत एका अंतर्गत पाहणीचा उल्लेख होता. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाईट वाटू लागल्याचे सांगितले होते. कंपनीचे उत्तर असे होते, की हा आकडा आधीच दुःखी असलेल्या मुलींपुरता आहे आणि अन्य अनेक बाबतींत मुलींना या माध्यमाचा आधारच वाटला. हे उत्तर न्यायाने नोंदवलेच पाहिजे. पण आईवडिलांच्या दृष्टीने प्रश्न तेथेच सुरू होतो. आधीच दुखावलेल्या तिघींपैकी जवळजवळ एकीची जखम जे साधन खोल करते, ते आपल्या मुलीच्या हाती देताना ती मुलगी कोणत्या मनःस्थितीत आहे, हे घरातील किती जणांना माहीत असते?

जमीन कोणी नांगरली?

सारा दोष मोबाइलवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तो हिशेब खरा होणार नाही. मोबाइलने बी टाकले. जमीन पूर्वीच नांगरून ठेवलेली होती.

हिंदुस्थान लिव्हरने गोरेपणाची क्रीम ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आणली, तेव्हा इन्स्टाग्रामचे संस्थापक जन्मलेही नव्हते. सावळी मुलगी क्रीम लावते, उजळते, आणि मग तिला नोकरी मिळते किंवा स्थळ येते, ही जाहिरात दोन पिढ्यांनी पाहिली. २००५ मध्ये पुरुषांसाठीही तशी क्रीम आली. सावळ्या वर्णाचे माणूस दुःखी, अपयशी किंवा कमी प्रतीचे दाखवू नये, असा दंडक जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक परिषदेला २०१४ मध्ये घालून द्यावा लागला. २०२० मध्ये जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठल्यावर ‘फेअर’ हा शब्द वगळून ‘ग्लो अँड लव्हली’ असे नवे नाव आले. त्याच वर्षी ‘शादी डॉट कॉम’ या विवाहसंस्थेने वर्णानुसार स्थळ शोधण्याची सोय काढून टाकली.

एका व्यापारी संस्थेने जे २०२० मध्ये केले, ते समाजाच्या अनेक वधू-वर परिचय पुस्तिकांनी अजून केलेले नाही. नाव, शिक्षण, उंची, आणि मग ‘वर्ण’ हा रकाना. अपेक्षांमध्ये ‘गोरी, सडपातळ, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष’. मुलीच्या सनदी लेखापाल होण्याच्या आधी तिच्या त्वचेची छटा छापली जाते. सातवी-आठवीतली मुलगी ही पुस्तिका चाळते, तेव्हा आपला भाव कशावर ठरणार आहे, हे तिला कोणी निराळे समजावून सांगावे लागत नाही.

याशिवाय घरातील बोलणे. लग्नकार्यात भेटलेली नातेवाईक पहिल्याच वाक्यात म्हणते, “अगबाई, किती सुटलीस गं!” दुसरी म्हणते, “उन्हात जाऊ नकोस, काळी पडलीस.” बोलणारीच्या मनात माया असते. ती दोन मिनिटांत विसरून जाते. ऐकणारी मात्र ते वाक्य घरी घेऊन जाते आणि रात्री मोबाइल उघडते. तेथे यंत्राला तिच्या बोटांच्या हालचालींवरून तिचे दुखणे कळते, आणि वजन घटवण्याच्या चित्रफिती एकामागून एक तिच्या पुढ्यात येऊ लागतात.

मुलगे यातून सुटले आहेत, असेही समजू नये. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दंडाचे छायाचित्र दररोज काढून पाहतो, जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून डबेच्या डबे पावडर आणतो, केस गळू लागले की टोपी काढत नाही. मुलींच्या दुःखाला निदान नाव तरी आहे. मुलांचे दुःख ‘व्यायामाची आवड’ म्हणून खपून जाते.

दुकानाच्या मांडणीवर

व्यापारी कुटुंबांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अस्वस्थ मुलगी जे विकत घेते, ते कोणाच्या तरी दुकानातून जाते.

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील एका रुग्णालयात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १५ जणांमध्ये सहसा क्वचित आढळणारा उपप्रकार सापडला, आणि या १५ पैकी १३ जणांनी त्वचा उजळणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. संशयाचे मूळ क्रीममधील पाऱ्यात होते. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्यास अडथळा आणतो, म्हणून चेहरा काही आठवड्यांत उजळ दिसतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात पोहोचतो. भारतीय नियमांनुसार अशा क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागाहून अधिक पारा असता कामा नये. पण ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक किंवा आयात नोंदणी क्रमांकच नाही, तिला नियम कोठला? दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून अशी अनेक मलमे विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. तरीही ‘गोरे करणारी ट्यूब’ म्हणून ती मागितली जातात. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ उठते, आणि मलम थांबवताच आग होऊ लागते, म्हणून थांबवताही येत नाही.

बिलावाचून आलेली, लेबल अपुरे असलेली, आठ दिवसांत गोरेपणाचे आश्वासन देणारी डबी ठेवू नये, एवढा नियम प्रत्येक दुकानाने पाळला, तरी त्याचे मोल मोठे आहे. त्यात थोडा गल्ला बुडेल. तो बुडू द्यावा. शेजारच्या दुकानात ती डबी मिळेलच, हा युक्तिवाद भेसळीच्या बाबतीत कोणा प्रतिष्ठित पेढीने कधी स्वीकारला नाही.

तप आणि उपासमार

आता मूळ प्रश्नाकडे. मुलगी उपवास करते, तेव्हा तो तपासाठी आहे की काट्यासाठी, हे घरच्यांनी ओळखावे कसे?

व्रताचा काळ ठरलेला असतो. तो संपला की आनंदाने पारणे होते. शरीराच्या भीतीतून आलेली उपासमार संपत नाही. तिचे पारणे पुढे पुढे ढकलले जाते. व्रत घेणारी मुलगी स्वाध्यायात, पूजेत रमते. दुसरी दिवसातून अनेकदा वजन करते, आरशापुढे पोट चाचपते, प्रत्येक घासाच्या कॅलरी मोजते. सर्वांबरोबर पंगतीला बसणे ती टाळते आणि ‘मी आधीच जेवले’ असे सांगते. जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाऊन बराच वेळ लावते. इतरांना थंडी वाजत नाही तेव्हा तिला वाजते, केस गळतात, चक्कर येते, आणि मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. यांतील दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली, तर कौतुक थांबवून डॉक्टरांकडे जावे. या विकाराला वैद्यकात नाव आहे आणि उपचारही आहेत. परंतु मानसिक आजारांपैकी सर्वाधिक प्राणघातक ठरणाऱ्या आजारांत त्याची गणना होते, हेही तितकेच खरे. ‘लग्न झाले की सुधारेल’ हा त्यावरचा उपाय नव्हे. बालरोगतज्ज्ञ किंवा कुटुंबाचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांची एकत्र मदत लागते, आणि त्यात घरच्यांचा सहभाग सर्वांत महत्त्वाचा असतो. कोठून सुरुवात करावी हे उमगत नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

यात धर्माची अवज्ञा आहे, असे कोणी समजू नये. सोळा कारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ ही भावना सांगितली आहे. शक्ती पाहून तप. वाढत्या वयाच्या, रक्त कमी असलेल्या, मनाने खचलेल्या मुलीची शक्ती किती, याचा विचार करणे हेही घरातील ज्येष्ठांचे कर्तव्यच आहे. देहाची आसक्ती सोडावी, असे परंपरा सांगते. देहाचा द्वेष करावा, असे ती सांगत नाही. द्वेष करणाऱ्याचेही सारे ध्यान देहावरच खिळलेले असते.

घरी करण्याजोगे

परदेशांत कायद्याने काही पावले उचलली गेली. जाहिरातीतील मॉडेलचे शरीर छायाचित्रात बारीक किंवा जाड केलेले असेल, तर तसे छापणे फ्रान्सने २०१७ पासून बंधनकारक केले; नॉर्वेने २०२२ पासून समाजमाध्यमांवर सशुल्क प्रचार करणाऱ्यांनाही तसाच नियम लावला. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. कायद्यांचे काम कायदे करतील. घराचे काम घरालाच करावे लागेल.

एक प्रयोग रविवारच्या दुपारी सहज करता येतो. मुलीला किंवा मुलाला एक फुटावरून आणि पाच फुटांवरून स्वतःची दोन छायाचित्रे काढायला सांगावीत, तिसऱ्यावर फिल्टर चढवावा, आणि तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. उपदेशाच्या तासापेक्षा ही पाच मिनिटे अधिक शिकवून जातात. कोणाची खाती पाहिल्यावर मन खट्टू होते, हे तिला विचारावे आणि ती खाती तिनेच काढून टाकावीत. घरात कोणाच्याही वजनावर, वर्णावर, केसांवर टीका करायची नाही, गमतीनेही नाही, असा नियम आधी मोठ्यांनी पाळावा. आईने स्वतःच्या शरीराला नावे ठेवणेही थांबवावे. मुलगी ते ऐकत असते. आणि समाजाच्या पुढील परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेतून ‘वर्ण’ हा रकाना गाळण्याचा ठराव एखाद्या महिला मंडळाने मांडावा. त्याला खर्च नाही. उलट छपाईची एक ओळ वाचेल.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांना एक सोय आयती लाभली आहे. सारे घर एका वेळी एकत्र बसते. तेवढ्या वेळापुरते सर्वांचे मोबाइल, वडिलांचाही, ताटापासून दूर राहिले, तर कोणी किती खाल्ले, कोण गप्प आहे, हे कोणाच्या तरी लक्षात येईल.

प्रारंभीच्या त्या घरात आता असेच चालते. संध्याकाळी सगळे मोबाइल खालच्या दुकानाच्या गल्ल्यात जातात. वजनकाटा माळ्यावर गेला आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे, की बरे व्हायला महिने लागतील आणि मधूनमधून पाऊल मागेही पडेल. कधी लेक दोन भाकऱ्या खाते, कधी एकीवरच रडू कोसळते, आणि मग आजी तिच्याजवळ ताट घेऊन बसून राहते, काही न बोलता. वडिलांनी बिलावाचून आलेल्या क्रीमची दोन खोकी परत पाठवली. घाऊक विक्रेता रागावला. दादाच्या लग्नात फोटो निघाले. त्यांतल्या एकात लेक आजीच्या ताटातला लाडू मोडताना दिसते, केस विस्कटलेले, तोंड अर्धवट उघडे. तो फोटो तिने कोठेही टाकला नाही. आजीने मात्र तो कागदावर छापून घेतला आणि देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात ठेवला.

पुढचा चातुर्मास येईल, तेव्हा लेक पुन्हा काही सोडायचे म्हणेल. काय सोडायचे, हे या वेळी आजी, आई आणि डॉक्टर तिच्याबरोबर बसून ठरवणार आहेत.